पावसाळाभर केलेला हात

अनोळखी माणूस माझ्याकडे बघून हसला की मी आधी खिसा चाचपतो आणि मग मागे वळून बघतो. मागे कुणी असेल तर तो त्याच्याकडे बघून हसला असणार, आणि कुणी नसेल तर काहीतरी विकायला आला असणार. तिसरी शक्यता माझ्या डोक्यात येत नाही. हा स्वभाव माझा जन्माचा नव्हे. जन्म खडकीचा, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समधला. तिथे असा स्वभाव घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाणंही अवघड होतं. कर्वेनगरला फ्लॅट घेतला तेव्हा पार्किंग मिळालं, पाण्याची टाकी मिळाली आणि त्यांच्याबरोबर हाही मिळाला.

त्या वर्षांत पुणं इतक्या घाईने वाढत होतं, की सुट्टीवरून परत आलं तर ओळखीच्या कोपऱ्यावर भलतंच काहीतरी उभं असायचं. हिंजवडीला काचेच्या इमारती उठल्या होत्या आणि मी तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. म्हणजे नातेवाइकांच्या समजुतीप्रमाणे मी संगणकाचा इंजिनिअर होतो. प्रत्यक्षात मी तिथे पगारपत्रकं करायचो. कंपनीची बस सकाळी न्यायची आणि दिवस मावळल्यावर आणून सोडायची. बसमध्ये सगळे डोळे मिटून किंवा कानात वायरी घालून बसायचे. माझ्या शेजारच्या सीटवर एकच माणूस अडीच वर्षं बसत होता. त्याला घोरण्यावरून मी अंधारातही ओळखलं असतं. चेहरा विचाराल तर सांगता येणार नाही.

त्याआधी मी असा नव्हतो, याला पुरावा आहे. कर्वेनगरला आल्या आल्या भाजीच्या गाडीवर एक गृहस्थ भेटले. "अरे! आपण कुठेतरी भेटलोय!" म्हणाले. नव्या जागी कुणीतरी ओळखलं याचा मला इतका आनंद झाला, की मी त्यांना तिथूनच चहाला घेऊन आलो. चहा संपायच्या आत त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला, वरच्या बाजूला मधोमध एक गोल काढला आणि म्हणाले, "हे तुम्ही." मग माझ्याखाली दोन गोल, त्यांच्याखाली चार, असा सगळा कागद भरला. प्रत्येक गोलाने टूथपेस्ट विकायची होती. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ते गेल्यावर ती म्हणाली, "वरच्या गोलात तुम्ही अगदी एकटे दिसत होता हो." ती टूथपेस्ट आम्ही पुढे कित्येक महिने घासत होतो. साखळीवाल्यांची ही जात तेव्हा शहरभर फिरत होती, आणि अनोळखी माणसाशी गोड बोलणारा तेवढा एकच वर्ग उरला होता. तेव्हापासून माझं हसणं बंद.

अशा घरात दादा राहायला आले. दादा म्हणजे माझे वडील.

आई गेल्यावर ते खडकीतच एका भाड्याच्या खोलीत राहत होते. ये म्हटलं तरी येत नव्हते. मग एका सकाळी ते न्हाणीत घसरून पडले. उठता येईना. त्यांचं नशीब एवढंच, की शेजारी कारखान्यातलाच जुना सोबती राहत होता. रोज सकाळी दोघे आपापल्या दारात उभे राहून एकमेकांना "जय भीम" घालायचे आणि मग दिवस सुरू करायचे. त्या दिवशी दादांच्या दारातून आवाज आला नाही. सोबत्याने थोडी वाट पाहिली, हाक मारली आणि सरळ कडी उचकटली. पायाला मार होता, बाकी ठीक. पण मी इतका घाबरलो, की त्याच आठवड्यात त्यांना सामानासकट कर्वेनगरला आणलं.

घटना एकच, पण आम्ही दोघांनी तिच्यातून उलटे अर्थ काढले. मी म्हणायचो, "तिथे पडलात, म्हणून इथे राहा." ते म्हणायचे, "तिथं पडलो म्हणून कळलं. इथं पडलो तर?"

"आम्ही आहोत ना, दादा."

"तुम्ही आहात. सकाळी जाता, रात्री येता. मधे पडायचं नाही म्हणतोस का?"

दादांनी सगळी नोकरी बारूदीच्या विभागात काढली. तिथे पाळी सुरू व्हायच्या आधी बाकावर शेजारी बसणाऱ्याला नमस्कार घालायची रीत होती. तो नमस्कार प्रेमाचा नव्हता. "नमस्कार घालायचा आणि तोंडाकडं बघायचं," दादा सांगायचे. "उत्तर कसं येतं ते ऐकायचं. झोप झालीय का, घरी भांडून आलाय का, काल घेतलीय का, सगळं एका 'जय भीम'मध्ये कळतं. जो उत्तर देत नाही त्याच्या शेजारी बसायचं नाही. साहेबाला सांगायचं, ह्याला आज दुसरं काम द्या." म्हणजे ज्याला आम्ही लहानपणापासून दादांचा मोकळा स्वभाव समजत होतो, तो मुळात संशयच होता. फक्त त्यांचा संशय हात वर करून पुढे यायचा आणि माझा मान खाली घालून निघून जायचा.

आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दादा सकाळी फिरायला निघाले आणि दिसेल त्याला हात करू लागले. मी गॅलरीतून बघत होतो. ट्रॅकसूटवाल्या बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. कुत्रं फिरवणाऱ्या तरुणाने कुत्र्याला जवळ ओढलं. एका गृहस्थांनी तर, मी शपथेवर सांगतो, खिसा चाचपला.

संध्याकाळी मी विषय काढला. "दादा, इथे लोकांना सवय नाही."

"कशाची?"

"म्हणजे... करायचाच तर नुसता हात करा. बोलू नका."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. पाळीआधी शेजाऱ्याकडे बघत असतील तसंच. "जय भीम म्हणू नको, असं म्हणतोस."

"तसं नाही हो. इथे नमस्कारसुद्धा कुणी म्हणत नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून नुसता हात करू लागले. बायको त्या रात्री माझ्याशी गरजेपुरतंच बोलली.

आमच्या समोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, एक म्हातारे गृहस्थ राहत. पेठेतून इकडे आलेले, निवृत्त, सकाळी कानाला मफलर. गॅलरीत घडीच्या खुर्चीवर बसून ते वर्तमानपत्र असं उभं धरायचे, की खालून फक्त बातम्या दिसाव्यात आणि वर थोडं टक्कल. दादांचा रस्ता बरोबर त्या गॅलरीखालून जायचा. दादा रोज तिथे थांबत, वर बघत आणि हात करत. पेपर हलत नसे. पाऊस सुरू झाला. दादा एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने हात करू लागले. पेपर कोरडा होता, तोही हलला नाही.

"ते उत्तर देत नाहीत, मग कशाला करता?" मी विचारलं.

"त्याची पाळी असते ना तिथं," दादा म्हणाले. "रोज बसतो. रोज दिसणाऱ्याला न बघता पुढं जायचं म्हणजे कसं?"

मला कारण माहीत होतं. निदान मी तसं धरून चाललो होतो. आमच्या नावाची पाटी खाली जिन्यात होती, तिच्यावर आडनाव होतं, आणि पेठेतल्या माणसाला आडनाव वाचल्यावर पुढचं काही विचारावं लागत नाही. मी बायकोला म्हणालो, "तो दादांना बघत नाही असं नाही. त्याला बघायचं नाहीये."

बायको म्हणाली, "तो त्याच्या जावयालाही बघत नाही. परवा जावई खाली स्कूटर लावून पाच मिनिटं हाका मारत होता."

"जावयाची गोष्ट वेगळी असते."

"तुमच्या बाबतीत सगळ्यांचीच वेगळी असते."

मध्ये एकदा आशा दिसली. दादा फिरून आले ते खुलून. "आज उत्तर आलं! स्कूटीवर एक पोरगी होती, तोंडाला सगळं फडकं गुंडाळलेलं, नुसते डोळे. मी हात केला, तिनं लगेच केला. वर हॉर्नसुद्धा वाजवला!" आम्ही सगळे खूश झालो. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि आमची मुलगी आत आली. कॉलेजला जाताना घरी काही विसरायचं आणि ते घ्यायला परत यायचं हा तिचा नेम. तोंडावरचा स्कार्फ सोडत ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही मला खाली ओळखलंच नाहीत ना?"

दादांनी छत्री कोपऱ्यात उभी केली. मग म्हणाले, "घरचं धरायचं नाही."

त्यांचे नियम असे हळूहळू कळत गेले. वॉचमन सलाम ठोकायचा, पण तो पगारी. भाजीवाली "या काका" म्हणायची, पण ते गिऱ्हाईक म्हणून. दादांना पाहिजे होतं ते असं: ज्याचं आपल्याशी काही काम नाही, नातं नाही, त्याने आपणहून ओळख द्यावी. एकाने. कर्वेनगरसारख्या ठिकाणी ही मागणी मला समुद्र मागितल्यासारखी वाटत होती.

गणपती गेले तेव्हा जेवताना त्यांनी सांगून टाकलं. "दसरा झाला की मी खडकीला जातो. माझा सोबती म्हणतो, त्याच्या मागची खोली मोकळी आहे."

"दादा, पाय बरा नाही तुमचा."

"पाय इथंही तोच आहे. तोपर्यंत इथल्या एका माणसानं जरी आपणहून ओळख दिली, तर राहतो. म्हणजे मला कळेल, मी नाही दिसलो तर कुणाला तरी चुकल्यासारखं वाटेल. नाहीतर चाललो."

बायकोने भाताचं भांडं खाली ठेवलं. मी जेवण पुरं केलं, पण काय जेवलो ते आठवत नाही. डोळ्यांपुढे ती न्हाणी होती, आणि या वेळी शेजारचा सोबतीही झोपेत असला तर काय, हा विचार. सोबती दादांहून मोठा होता.

तेव्हा मला एक कल्पना सुचली. माझ्या कल्पना बायको स्वयंपाकघरात नेऊन तपासते. ही ऐकून ती म्हणाली, "हात करा म्हणून सांगायला जाणार? त्या माणसाला? अहो, तो हात करायचा तर पेपर कुठे ठेवील?"

तरी मी गेलो. रविवारी सकाळी दादा आंघोळीला गेल्यावर समोरच्या इमारतीचा जिना चढलो आणि बेल दाबली. लाकडी दार उघडलं, जाळीचं उघडलं नाही. जाळीमागे मफलर.

"कोण?"

"नमस्कार. मी समोरच्या बिल्डिंगमधला."

"समोर तीन बिल्डिंगा आहेत."

मी बोट दाखवलं. बोटाकडे न बघता ते म्हणाले, "आम्हाला काही नको."

"मी काही विकायला आलो नाही."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. मागच्या महिन्यात एकजण येऊन गोल काढून गेला."

"टूथपेस्टवाला?"

"आपण त्याच्यातलेच का?"

"नाही हो! माझ्याकडेही आला होता." क्षणभर मला त्यांच्याविषयी सख्ख्या भावासारखं वाटलं. जाळी मात्र उघडली नाही. मग मी एका दमात सांगून टाकलं, की माझे वडील रोज सकाळी खालून जातात, आपल्याला हात करतात, आपण फक्त एकदा...

"कोणत्या हेतूने?"

"हेतू नाही. ओळख म्हणून."

"मी ओळख नसलेल्या माणसाला हात करत नाही."

"मग ओळख करून घ्या ना. मी देतो करून."

"आपली तरी माझी कुठे ओळख आहे?"

मी निघणार तेवढ्यात ते म्हणाले, "तुमचे वडील डाव्या पायावर भार देत नाहीत. श्रावणापर्यंत देत होते."

"आपल्याला कसं माहीत?"

"मी पाहतो."

"मग पाहता तर..."

"पाहतो, असं सांगितलं ना. आडनाव काय आपलं?"

मी सांगितलं. आडनाव सांगताना माझा आवाज एकतर एक पायरी खाली उतरतो किंवा उगाच चढतो; मधल्या उंचीवर तो कधी बसलेला नाही. त्या दिवशी चढला. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "हं."

दार लागलं.

तो "हं" मी जपून घरी आणला आणि बायकोपुढे ठेवला. "असा म्हणाला. हं."

"हा तर तुमचा हं झाला. त्यांचा कसा होता?"

"असाच. थोडा आखूड."

"आखूड म्हणजे वाईट का?"

"आखूड म्हणजे कळलं, असा. बरोब्बर कळलं, असा."

"तुम्ही त्यांना काम सांगितलंत, त्यांनी ऐकलं म्हणून हं म्हटलं. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या बसकडे निघण्याऐवजी गॅलरीत तुळशीच्या कुंडीआड उभा राहिलो. दादा त्या गॅलरीखाली थांबले. हात केला. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं: खुर्चीच फिरलेली होती. आजवर पेपर समोर असे, आता माणूसच आडवा बसला होता. बस चुकली ती चुकलीच. मी दादा वर येईपर्यंत जिन्यात थांबलो.

"बघितलंत? तोंड फिरवून बसलाय."

"ऊन येतंय त्याच्या डोळ्यांवर," दादा म्हणाले. "पाऊस संपला, ऊन फिरलं."

"तुम्ही फार भोळे आहात, दादा."

"बारूदीतला माणूस भोळा नसतो. भोळा असता तर इथवर आला नसता." जिना चढताना ते कठड्याला धरत होते. डाव्या पायावर भार देत नव्हते. मला राग आला तो पायाचा आला, की माझ्या बापाच्या पायाचं वाढलेलं दुखणं माझ्याआधी समोरच्या माणसाला दिसलं याचा, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. मी रागाचा सगळा हिशोब त्या आडव्या खुर्चीच्या नावावर टाकला.

दसरा झाला. कुणीही ओळख दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी आपली बॅग बाहेर आणली. बायकोने तिच्यात न विचारता लोणच्याची बरणी घातली, त्यांनी ती न बोलता राहू दिली. मुलगी त्या दिवशी कॉलेजला गेली नाही आणि काही विसरलीही नाही. मी रिक्षा आणली. रिक्षावाल्याला खडकी म्हटल्यावर त्याने आधी आमच्याकडे, मग बॅगेकडे संशयाने पाहिलं. पण आला.

मी बॅग मागच्या बाजूला ठेवत होतो. दादांनी एक पाय आत टाकला होता. तेवढ्यात वरून आवाज आला.

"अहो! बॅगवाले!"

त्या गल्लीत इतक्या मोठ्याने कुणी बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. वर बघितलं तर समोरच्या गॅलरीत कठड्याशी मफलर उभा. पेपर खाली केलेला. पूर्ण चेहरा मी पहिल्यांदाच बघत होतो. तो अगदी साधा होता, याचं मला आश्चर्य वाटलं.

दादांनी पाय बाहेर काढला. "मला म्हणता?"

"बॅग तुमचीच आहे ना? कुठे निघालात?"

"खडकीला."

"किती दिवस?"

"कायमचा."

"कशाला?"

"तिथं ओळखीची माणसं आहेत."

"मग पावसाळाभर इथे हात कोणाला करत होतात?"

आजूबाजूच्या गॅलऱ्यांत माणसं आली. ज्यांना दादांनी महिनोन् महिने हात केला आणि ज्यांनी पाहिलं नाही, ती सगळी आता बघत होती. कुत्रंवाल्याचं कुत्रंही.

"तुम्हाला," दादा म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

"पण तुम्ही कधी उत्तर दिलं नाही."

"तुम्ही हात करता, मी बघतो. दोघांनीही हात करायचा म्हटल्यावर पेपर कोण धरणार?"

दादा मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिले. पाळीआधीचं बघणं. "बघत होतात?"

"मग इतका वेळ पेपरात वाचण्यासारखं काय असतं? मंगळवारी आला नाहीत. त्याच्या आधी दोन दिवस दुसऱ्या वहाणा होत्या. छत्रीची काडी मोडलीय, ती अजून तशीच आहे. आणि तो पाय दाखवलात का कोणाला?"

"नाही दाखवला."

"का?"

दादांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याला विचारा."

मला वाटलं, आता रिक्षातून मीच खडकीला जावं. पण एवढ्यावर भागलं नाही. वरचा आवाज म्हणाला, "ते तुमचे चिरंजीव ना? मागे आले होते माझ्याकडे. म्हणे वडिलांना हात करा. मी त्यांना सांगितलं, मी असा सांगून हात करत नाही."

सगळ्या गॅलऱ्या माझ्याकडे वळल्या. बायकोने पदर तोंडाला लावला, तो लाजेने नव्हे. दादा माझ्याकडे वळले.

"तू सांगायला गेला होतास?"

"हो," मी म्हणालो.

"आणि त्यानं केला नाही?"

"नाही केला. अजूनही केलेला नाही. बघा ना, दोन्ही हात कठड्यावर आहेत."

दादांनी बघितलं. खरंच दोन्ही हात कठड्यावर होते, एका हाताखाली पेपर. मला वाटलं, आता संपलं सगळं, बापाला फसवायला निघालेला मुलगा रस्त्यात उघडा पडला. पण दादांच्या तोंडावर जे उमटत होतं ते वेगळंच होतं. त्यांनी बारूदीतल्या सवयीने एकेक गोष्ट पडताळली असणार. सांगूनसुद्धा ज्याने हात केला नाही, त्याने आज न सांगता हाक मारली होती. ती मी घडवलेली असणं शक्यच नव्हतं; त्याला पुरावा खुद्द तो माणूस, आणि तोही चारचौघांत दिलेला.

दादा रिक्षापासून दोन पावलं बाजूला आले. पाठ सरळ केली. हात वर केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "जय भीम!"

माझी मान आपोआप खाली गेली. ते शब्द मी या रस्त्यावर कधी मोठ्याने उच्चारले नव्हते, आणि दादांनाही उच्चारू दिले नव्हते. मी कान देऊन उभा राहिलो. उत्तर यायला जो वेळ लागला तो मला फार वाटला. बायको नंतर म्हणाली, काही वेळ लागला नाही, तुम्हालाच घाई असते.

"नमस्कार," वरून आलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि पुन्हा, "उद्या उशीर करू नका. ऊन चढतं."

पेपर पुन्हा उभा राहिला.

मी हळूच दादांना म्हणालो, "नमस्कार म्हणाला. जय भीम नाही म्हणाला." मला ते सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

"उत्तर आलं ना?" दादा म्हणाले. "आवाज कसा होता?"

"कसा म्हणजे?"

"झोप झालेला होता. रात्री खोकला झालाय थोडा. बाकी माणूस ठीक आहे. ह्याच्या शेजारी बसायला हरकत नाही." आणि मग, बॅगेकडे बघत, "तुझ्याबद्दल मात्र आधी साहेबाला सांगायला पाहिजे होतं."

मुलीने बॅग उतरवून घेतली. लोणच्याची बरणी बायकोने लगेच काढून हातात धरली, जणू आता सामान परत जायची शक्यताच ठेवायची नाही. रिक्षावाला इतका वेळ हँडलवर हात ठेवून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "काका, तुमचं वरच्यांशी झालं. आता मलाही एक हात करा, म्हणजे मी निघतो."

दादांनी त्यालाही केला. त्याने भोंगा वाजवून उत्तर दिलं.

मी संध्याकाळी दादांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. परत येताना त्या गॅलरीखाली दादा थांबले, म्हणून मीही थांबलो. संध्याकाळची वेळ, खुर्ची रिकामी होती. दादा म्हणाले, "पाळी सुटली त्याची," आणि चालू लागले. मी मात्र थोडा मागे राहिलो. रस्त्यात कुणी नाही असं बघून मी त्या रिकाम्या खुर्चीला जरा हात करून बघितला, छातीपर्यंतच. करायचा कसा ते तरी कळावं म्हणून.

खुर्चीमागच्या पडद्याआडून आवाज आला, "आता तुम्ही सुरू केलंत का?"